स्वेच्छेची सक्ती : पहिले महायुद्ध आणि अमेरिकेचे अंतर्गत जीवन

परकीय भूमीवर चाललेल्या मोठ्या युद्धात एखादे राष्ट्र उतरते, तेव्हा त्या युद्धाचा इतिहास बहुधा रणभूमीवरून लिहिला जातो. सैन्ये कोठे सरकली, कोणती लढाई कोणी जिंकली, तहाच्या अटी काय ठरल्या याचा तपशील ग्रंथोग्रंथी सापडतो. पण जे लोक रणभूमीवर कधी गेलेच नाहीत त्यांच्या गावात, शाळेत, टपालात आणि शेजारपाजाऱ्यांशी असलेल्या व्यवहारात काय पालटले, हा प्रश्न मागे पडतो. त्याचा विचार करण्यासाठी प्रस्तुत व्याख्यानात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा पहिल्या महायुद्धातील प्रवेश निवडला आहे, आणि या निवडीला कारण आहे. फ्रान्स, बेल्जियम किंवा सर्बिया या देशांत युद्धाने घडवलेले बदल शत्रूने केलेल्या विध्वंसापासून वेगळे काढता येत नाहीत. अमेरिकेत मात्र शत्रूच्या सैन्याचे पाऊल पडले नाही, मधे अटलांटिक महासागर पसरलेला होता, आणि ६ एप्रिल १९१७ ते ११ नोव्हेंबर १९१८ असा अवघा एकोणीस महिन्यांचा तो काळ होता. म्हणून तेथे जे बदलले ते युद्धात उतरण्याच्या निर्णयामुळे आणि तो निर्णय तडीस नेण्यासाठी अवलंबलेल्या रीतीमुळे बदलले, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

नोव्हेंबर १९१६ मध्ये वुड्रो विल्सन दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, ते देशाला युद्धापासून दूर ठेवल्याच्या पुण्याईवर. पुढल्या पाच महिन्यांत चित्र पालटले. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने तटस्थ राष्ट्रांच्या जहाजांवरही पाणबुड्यांचे हल्ले सुरू केले, आणि मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध आपल्या बाजूस ओढू पाहणारी, झिमरमान तार म्हणून ओळखली जाणारी, जर्मन परराष्ट्रमंत्र्याची गुप्त तार उघडकीस आली. २ एप्रिलला विल्सन यांनी काँग्रेससमोर युद्धाची मागणी केली. सिनेटने ८२ विरुद्ध ६ आणि प्रतिनिधिगृहाने ३७३ विरुद्ध ५० मतांनी ती मान्य केली. विरोधी मतांमध्ये मोंटाना राज्यातून आलेल्या जेनेट रँकिन यांचे मत होते, आणि काँग्रेसवर निवडून आलेल्या त्या पहिल्याच महिला होत्या. सभागृहांतील बहुमत भक्कम असले तरी सभागृहांबाहेरचा देश तितका एकदिल नव्हता. जर्मनीत जन्मलेल्या किंवा जर्मन आईबापांच्या पोटी जन्मलेल्या अमेरिकनांची संख्या सुमारे ८० लाख होती. इंग्लंडच्या बाजूने लढण्याची कल्पना आयरिश वंशाच्या लोकांना सोसवत नव्हती. मध्य-पश्चिमेतील शेतकरी आणि समाजवादी पक्ष या युद्धाकडे धनिकांचे युद्ध म्हणून पाहत होते.

दुसरी अडचण राज्ययंत्रणेची होती. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिकेच्या कायम सैन्यात सव्वा लाखाच्या आसपास माणसे होती, आणि सामान्य नागरिकाला केंद्र सरकारचे दर्शन घडत असे ते मुख्यतः टपाल कार्यालयात. युरोपातील राष्ट्रांकडे पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिलेले नोकरशाहीचे जाळे होते. वॉशिंग्टनकडे ते नव्हते. दुभंगलेल्या समाजाला एका कामाला जुंपायचे आणि त्यासाठी लागणारे हात तर सरकारजवळ नाहीत, अशा पेचातून जी वाट काढली गेली तिने अमेरिकेच्या अंतर्गत जीवनाला वळण दिले. सरकारने हात समाजाकडूनच उसने घेतले. त्या रीतीला या व्याख्यानात 'स्वेच्छेची सक्ती' असे म्हटले आहे: कायद्याने जे बंधनकारक नाही ते नागरिकाने आपखुशीने करावे अशी अपेक्षा ठेवायची, आणि जो करणार नाही त्याचे काय करायचे हे त्याच्या शेजाऱ्यांवर सोपवायचे.

जेथे कायद्याची सक्ती उघड होती तेथेही तिला स्वेच्छेचे वस्त्र चढवण्यात आले. १८ मे १९१७ च्या कायद्याने लष्करभरती सक्तीची झाली, पण तिचे नाव ठेवले गेले 'निवडक सेवा'. आणि ही भरती म्हणजे अनिच्छुकांवर जबरदस्ती नसून, सगळ्या राष्ट्राने आपण होऊन स्वतःला देऊ केले आहे व त्यातून सरकार फक्त निवड करीत आहे, अशी मांडणी विल्सन यांनी जाहीरनाम्यात केली. यादवी युद्धाच्या काळात, १८६३ मध्ये, सक्तीच्या भरतीवरून न्यूयॉर्क शहरात रक्तरंजित दंगे उसळले होते. त्याची पुनरावृत्ती टाळण्यासाठी या वेळी नोंदणीचे आणि निवडीचे काम लष्करी अधिकाऱ्यांकडे न देता ४,६०० हून अधिक स्थानिक मंडळांकडे सोपवले गेले. गावातले डॉक्टर, वकील, व्यापारी अशी ओळखीची माणसे त्या मंडळांवर बसली आणि कोणाच्या मुलाने जायचे, कोणाच्या मुलाला सूट द्यायची हे ठरवू लागली. ५ जून १९१७ या एका दिवसात २१ ते ३० वयाच्या जवळजवळ १ कोटी तरुणांनी नाव नोंदवले. युद्ध संपेपर्यंत नोंदणी २ कोटी ४० लाखांवर गेली आणि त्यांतून सुमारे २८ लाख जणांना गणवेश चढला. जे काम एरवी सरकारी कारकुनाने केले असते ते गावातल्या प्रतिष्ठितांनी केले, म्हणून ते बिनबोभाट झाले. पण त्यामुळेच गावातील जुने लागेबांधे, जुनी वैरे आणि जुने वर्णभेदही भरतीच्या याद्यांत उतरले. दक्षिणेकडील राज्यांतील सर्वस्वी श्वेतवर्णीय मंडळांनी कृष्णवर्णीयांना सूट नाकारण्यात दाखवलेली तत्परता हा त्याचा ढळढळीत पुरावा होय.

पैशाच्या बाबतीतही तेच घडले. युद्धाचा खर्च ३२ अब्ज डॉलरच्या आसपास गेला, त्यातील साधारण एक तृतीयांश भाग करांतून आला आणि बाकीचा मुख्यतः कर्जातून. अर्थमंत्री विल्यम मॅकाडू यांनी हे कर्ज बँकांपुरते न ठेवता 'लिबर्टी लोन' या नावाच्या रोख्यांच्या रूपाने घरोघरी नेले. रोखे घेणे कायद्याने बंधनकारक नव्हते. तरीही कोणी किती घेतले याच्या याद्या अनेक गावांत चौकात लागत, न घेणाऱ्याला समितीपुढे बोलावले जाई, काही ठिकाणी त्याच्या दाराला पिवळा रंग फासला जाई. 'वाळीत टाकणे' या शब्दाचा अर्थ ज्या समाजाला ठाऊक आहे त्याला या समित्यांचे बळ समजावून सांगण्याची गरज नाही. याच वातावरणात २८ सप्टेंबर १९१८ रोजी फिलाडेल्फिया शहरात चौथ्या कर्जासाठी मिरवणूक निघाली. इन्फ्लुएन्झाची साथ शहरात शिरली असल्याचे डॉक्टर सांगत होते, पण कर्जाचा आकडा गाठायचा होता आणि मिरवणूक रद्द करणे म्हणजे देशभक्तीत उणे पडणे होते. सुमारे २ लाख माणसे रस्त्यांवर दाटीवाटीने उभी राहिली. पुढल्या काही आठवड्यांत त्या एका शहरात १२ हजारांहून अधिक लोक मेले. त्या साथीत अमेरिकेत एकूण सुमारे ६ लाख ७५ हजार माणसे दगावली असा अंदाज आहे, तर लढाईत पडलेल्या अमेरिकन सैनिकांची संख्या ५३ हजारांच्या आसपास होती. फिलाडेल्फियातील ते मृत्यू घरच्या आघाडीवरचे होते, आणि युद्धाच्या जमाखर्चात ते क्वचितच धरले जातात.

उद्योग, अन्न आणि रेल्वे यांविषयी थोडक्यात सांगता येईल. बर्नार्ड बारूक यांच्या युद्ध-उद्योग मंडळाने कारखान्यांचा अग्रक्रम ठरवला, हर्बर्ट हूवर यांच्या अन्न प्रशासनाने शिधापत्रिका न काढता गृहिणींकडून प्रतिज्ञापत्रे भरून घेऊन गव्हाविना आणि मांसाविना दिवस पाळायला लावले, आणि डिसेंबर १९१७ च्या अखेरीस केंद्र सरकारने देशातील रेल्वेमार्ग ताब्यात घेतले. यांतील बरीचशी यंत्रणा शांततेनंतर दीड-दोन वर्षांत मोडीत निघाली. १ मार्च १९२० रोजी रेल्वेही मालकांना परत मिळाली. प्राप्तिकर मात्र मुरला. १९१३ मध्ये घटनादुरुस्तीने वैध ठरलेल्या या कराचा कमाल दर तेव्हा ७ टक्के होता, १९१८ मध्ये तो ७७ टक्क्यांवर पोहोचला. दर पुढे खाली आले, पण कराची विवरणपत्रे भरणारे जे १९१६ मध्ये ५ लाखांहूनही कमी होते ते १९२० पर्यंत ७० लाखांवर गेले. मद्यबंदीची वाटही यातूनच मोकळी झाली. पूर्वी केंद्राच्या महसुलाचा मोठा भाग दारूवरील करातून येई. प्राप्तिकराने ती गरज संपवली, धान्य वाचवण्याच्या घोषणेने दारूभट्ट्यांचा कैवार घेणे कठीण केले, आणि बीअरचे मोठे कारखानदार जर्मन वंशाचे असल्यामुळे उरलीसुरली सहानुभूतीही आटली.

मतांच्या नियंत्रणाचा विषय अधिक गंभीर आहे. युद्ध पुकारल्यावर आठवड्याभरातच पत्रकार जॉर्ज क्रील यांच्या नेतृत्वाखाली सार्वजनिक माहिती समिती स्थापन झाली. तिने भित्तिपत्रके, चित्रपट आणि वृत्तपत्रे यांचा वापर केलाच, पण तिची सर्वांत परिणामकारक योजना सुमारे ७५ हजार स्वयंसेवक वक्त्यांची होती. चित्रपटगृहात एक रीळ संपून दुसरे चढेपर्यंत जी चार मिनिटे मिळत तेवढ्यात हे वक्ते बोलत, आणि ते परगावचे नसून त्याच वस्तीतले असत. हे बोलणारे हात झाले; पाहणारे हात अमेरिकन प्रोटेक्टिव्ह लीग या संघटनेने पुरवले. न्याय खात्याच्या अनुमतीने काम करणारे तिचे अडीच लाख सभासद पगारी नोकर नव्हते. ते आपल्या कचेरीतील सहकाऱ्यावर, भाडेकरूवर, ग्राहकावर नजर ठेवत आणि अहवाल धाडत. सप्टेंबर १९१८ मध्ये न्यूयॉर्क शहरात भरती चुकवणाऱ्यांच्या शोधासाठी जी धरपकड झाली तिच्यात या स्वयंसेवकांनी सैनिकांच्या जोडीने हजारो तरुणांना रस्त्यांतून, स्थानकांतून आणि नाट्यगृहांतून अडवले, आणि त्यांतील बहुसंख्य निर्दोष निघाले.

एकदा शेजाऱ्याला शेजाऱ्याचा पहारेकरी नेमले की तो पहारा कोठे थांबवायचा हे ठरवणे सरकारच्या हाती उरत नाही. १२ जुलै १९१७ रोजी अॅरिझोनातील बिस्बी या तांब्याच्या खाणींच्या गावात शेरीफने हाताशी धरलेल्या सशस्त्र नागरिकांनी संपावर गेलेल्या सुमारे १,२०० खाणकामगारांना व त्यांच्या पाठीराख्यांना गुरांच्या डब्यांत कोंबून शेजारच्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडले. ५ एप्रिल १९१८ च्या पहाटे इलिनॉय राज्यातील कॉलिन्सव्हिल येथे रॉबर्ट प्रेगर या जर्मनीत जन्मलेल्या खाणकामगाराला जमावाने फाशी दिली. त्याने अमेरिकेच्या नौदलात भरती होण्याचा प्रयत्न केला होता, हे पुढे आले. अकरा जणांवर खटला चालला, सगळे निर्दोष सुटले. त्याच वसंतात आयोवाच्या गव्हर्नरने शाळेत, सार्वजनिक जागी, धर्मोपदेशात आणि टेलिफोनवरही इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलण्यास बंदी घातली. देशभर शाळांतून जर्मनचे वर्ग बंद झाले, जर्मन वृत्तपत्रे एकामागून एक मिटली, कुटुंबांनी आडनावे बदलली. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मायर विरुद्ध नेब्रास्का या खटल्यात परभाषा शिकवण्यावरील बंदी घटनाबाह्य ठरवली खरी, पण तोवर एका मोठ्या समाजाने आपली भाषा घरात कोंडून ठेवायला शिकून घेतले होते. एखाद्या भाषेला न्यायालय हक्क परत देऊ शकते. आजीकडून नातवाकडे जाता जाता मधेच तुटलेली बोली ते परत आणू शकत नाही, आणि या युद्धाने केलेल्या हानीत ही हानी लहान मानता येत नाही.

जमावाच्या जोडीला कायदाही होता. १५ जून १९१७ च्या हेरगिरीविरोधी कायद्याचे नाव हेरांसंबंधी असले तरी त्यातील कलमे सैन्यात अवज्ञा पसरवणाऱ्या किंवा भरतीत अडथळा आणणाऱ्या कोणत्याही कृत्यास लागू होती, आणि टपालमंत्री अल्बर्ट बर्लसन यांनी त्यांच्या आधारे समाजवादी नियतकालिकांचे टपाल रोखून त्यांचा श्वास कोंडला. १६ मे १९१८ च्या राजद्रोहविषयक दुरुस्तीने शासन, राज्यघटना, ध्वज आणि सैन्याचा गणवेश यांविषयी अवमानकारक भाषाही गुन्हा ठरवली. या कायद्यांखाली २,००० हून अधिक लोकांवर खटले झाले. समाजवादी नेते युजीन डेब्स यांना ओहायोतील कॅन्टन येथे केलेल्या एका भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० मध्ये त्यांनी अटलांटाच्या तुरुंगातून राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि त्यांना ९ लाखांवर मते पडली. त्यांची शिक्षा मार्च १९१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने कायम केली तेव्हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स होते. त्याच महिन्यात शेंक खटल्यात त्यांनी 'स्पष्ट आणि निकटचा धोका' ही कसोटी मांडली होती: शब्दांमुळे कायद्याने टाळावयाचे अनिष्ट लगेच घडण्याचा धोका असेल तरच शब्द दंडनीय ठरतात. तरीही त्या कसोटीने त्या वेळी कोणी सुटले नाही. मात्र आठ महिन्यांनंतर, एब्रम्स खटल्यात, त्याच होम्स यांनी न्यायमूर्ती ब्रँडाइस यांच्यासह मतभेदाचे निकालपत्र लिहून भाषणस्वातंत्र्याचा कैवार घेतला. सत्तरी ओलांडलेल्या न्यायाधीशाने एका वर्षात आपला विचार इतका बदलावा, ही त्या काळातील फार थोड्या आशादायक घटनांपैकी एक आहे. अमेरिकेतील भाषणस्वातंत्र्याचा आधुनिक विचार या दडपशाहीच्या पोटी जन्मला.

विद्यापीठेही यातून सुटली नाहीत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. अमेरिका युद्धात उतरण्याच्या काही महिने आधी ते लंडनला गेले. ज्यांच्या वर्गांत ते बसले त्यांच्यापैकी जॉन ड्यूई यांनी, या युद्धातून लोकशाहीला आणि नियोजनबद्ध समाजजीवनाला चालना मिळेल या आशेने, त्याचे समर्थन केले; अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन हे चढत्या दराच्या प्राप्तिकराचे पुरस्कर्ते होते, आणि त्या कराची खरी परीक्षा आता होत होती. ऑक्टोबर १९१७ मध्ये कोलंबियाने युद्धविषयक भूमिकांवरून कॅटेल आणि डेना या दोन प्राध्यापकांना काढून टाकले, तेव्हा इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी, स्वतः युद्धाचे समर्थक असूनही, राजीनामा दिला. ड्यूईंचाच माजी विद्यार्थी रँडॉल्फ बोर्न याने आपल्या गुरूला जे उत्तर दिले ते आजही वाचण्याजोगे आहे. युद्धाचा घोडा आपण हवा तिकडे वळवू असे मानणारे विचारवंत प्रत्यक्षात त्याच्या खोगिराला बांधले जातात, असा त्याच्या निबंधांचा आशय होता. ते निबंध छापणाऱ्या 'द सेव्हन आर्ट्स' या मासिकाचा आर्थिक आधार काढून घेतला गेला, आणि डिसेंबर १९१८ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, बोर्न इन्फ्लुएन्झाने वारला. ड्यूईंच्या समाजहिताच्या तळमळीविषयी शंका नाही, पण या वादात शिष्याचे म्हणणे खरे ठरले.

भारतीयांना या बदलांची झळ थेट लागली. युद्धप्रवेशाच्या दोन महिने आधी, विल्सन यांचा नकाराधिकार डावलून, काँग्रेसने जो स्थलांतर कायदा संमत केला त्याने साक्षरतेची अट घातली आणि ब्रिटिश हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना दार बंद केले. नोव्हेंबर १९१७ ते एप्रिल १९१८ या काळात सॅन फ्रान्सिस्को येथे गदर चळवळीतील भारतीयांवर आणि त्यांना साहाय्य करणाऱ्या जर्मनांवर खटला चालला. आरोप होता अमेरिकेच्या तटस्थतेचा भंग करून ब्रिटिश सत्तेविरुद्ध मोहीम उभारल्याचा. आणि अमेरिका तोवर स्वतः तटस्थ राहिली नव्हती, ती ब्रिटनच्या बाजूने लढत होती.

युद्धाने हक्कही दिले, असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. पण ते हक्क कोणत्या भाषेत दिले गेले हे पाहिले पाहिजे. कॅरी चॅपमन कॅट यांच्या संघटनेने युद्धकार्याला साहाय्य देऊन स्त्रियांसाठी मताधिकार मागितला, तर अॅलिस पॉल यांच्या अनुयायी राष्ट्राध्यक्षांच्या निवासाबाहेर फलक घेऊन उभ्या राहिल्या, तुरुंगात गेल्या आणि उपोषण करताच त्यांच्या घशात नळ्या घालून त्यांना अन्न भरवले गेले. ३० सप्टेंबर १९१८ रोजी विल्सन यांनी सिनेटपुढे मताधिकाराची मागणी केली ती युद्ध जिंकण्यासाठी आवश्यक गोष्ट म्हणून. दुसऱ्या दिवशी ठराव दोन मतांनी पडला. घटनादुरुस्ती ऑगस्ट १९२० मध्ये पूर्ण झाली. हक्क हा सेवेचा मोबदला ठरला की ज्यांची सेवा मोजायची नाही असे सत्ताधाऱ्यांनी ठरवले आहे त्यांचे काय होते, हे कृष्णवर्णीयांच्या अनुभवातून दिसते. युरोपातून येणारे मजूर थांबल्यामुळे उत्तरेकडील कारखान्यांनी दक्षिणेतून माणसे बोलावली आणि काही वर्षांत सुमारे ५ लाख कृष्णवर्णीय शिकागो, डेट्रॉइट, पिट्सबर्ग या शहरांकडे गेले. २ जुलै १९१७ रोजी ईस्ट सेंट लुइस येथे त्यांच्या वस्तीवर जमाव तुटून पडला. अधिकृत गणनेनुसारच ३९ कृष्णवर्णीय मारले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, टेक्सासमधील ह्यूस्टन येथे पोलिसांच्या छळाने पेटलेल्या कृष्णवर्णीय पलटणीने बंड केले. ११ डिसेंबरला तेरा सैनिकांना, कोणत्याही वरिष्ठ फेरतपासणीची संधी न देता, एकाच वेळी फाशी देण्यात आले, आणि पुढे आणखी सहा जणांना. त्यांच्या शिक्षा सैन्याने रद्द केल्या त्या नोव्हेंबर २०२३ मध्ये.

असे असूनही जुलै १९१८ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी 'द क्रायसिस' या आपल्या मासिकातून, युद्ध चालू असेपर्यंत गाऱ्हाणी बाजूला ठेवून खांद्याला खांदा लावण्याचे आवाहन केले. पावणेचार लाखांच्या आसपास कृष्णवर्णीयांनी सैन्यात सेवा केली. परतल्यावर त्यांना मिळाले ते १९१९ चे रक्तरंजित वर्ष: शिकागोत दंगलीत ३८ जण मेले, अनेक शहरे पेटली, आणि झुंडीने ठार केलेल्यांत युद्धावरून परतलेले सैनिकही होते. डुबॉइस यांच्या आवाहनामागील विश्वास प्रामाणिक होता. त्या विश्वासाचा असा भंग करणाऱ्या राष्ट्राला त्याचा जाब पुढील अर्धशतक विचारला जात राहिला.

शांतता झाली तरी उसने घेतलेले हात मोकळे झाले नाहीत. १९१९ मध्ये महागाईने पिचलेले सुमारे ४० लाख कामगार संपावर गेले, तेव्हा जर्मनांच्या जागी आता बोल्शेव्हिक आले. न्यायमंत्री मिचेल पामर यांच्या आदेशाने नोव्हेंबर १९१९ आणि जानेवारी १९२० मध्ये हजारो परदेशी रहिवाशांची धरपकड झाली, आणि त्यासाठी लागणारी नावांची सूची तयार करणारा तरुण अधिकारी जे. एडगर हूवर पुढे जवळजवळ अर्धशतक केंद्रीय तपास यंत्रणेचा प्रमुख राहिला. प्रोटेक्टिव्ह लीग अधिकृतपणे विसर्जित झाली होती, तिने केलेली टाचणे राहिली.

राजद्रोहाची दुरुस्ती युद्धानंतर मागे घेतली गेली; हेरगिरीविरोधी कायदा सुधारित रूपात आजही अमलात आहे. ऑक्टोबर १९१७ मध्ये शत्रूशी व्यापार रोखण्यासाठी झालेला आणखी एक कायदा असाच मागे उरला होता. मार्च १९३३ मध्ये, जर्मनीशी तह होऊन दशक उलटल्यावर, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी देशातील सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवण्याचा आदेश काढला तो त्याच कायद्याच्या एका कलमाच्या आधारे. त्याच वर्षी उद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी स्थापन झालेल्या संस्थेच्या प्रमुखपदी बसलेले ह्यू जॉन्सन हे १९१७ च्या भरतीयोजनेचे एक शिल्पकार होते. आणि त्या वर्षीच्या नाताळात, १९१७ च्या हेरगिरीविरोधी आणि भरतीविषयक कायद्यांखाली शिक्षा भोगून बाहेर आलेल्या नागरिकांना त्यांचे नागरी हक्क परत देणारा जाहीरनामा निघाला. डेब्स यांना जाऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.